पार्किंगमधून सायकल गेली (सोसायटी ग्रुप)

बी-३०४: नमस्कार. काल रात्री माझी सायकल चोरीला गेली. जिन्याखाली पंपाच्या पाइपला बांधली होती. सकाळी उतरले तर नुसती केबल लोंबत होती, पाव इंचाचा तुकडाही वाया न घालवता कापलेली. रोज त्याच सायकलवर कामाला जाते. कोणी काही पाहिलं असेल तर प्लीज सांगा 🙏

ए-१०२: अरे देवा! सी विंगची गेली तेव्हाच म्हटलं होतं, जमिनीत लोखंडी कड्या बसवा.

सेक्रेटरी: रेकॉर्डिंग बघतो. पण त्या कोपऱ्यात कॅमेरा पोचत नाही, हे मीटिंगमध्ये सांगून झालंय.

सी-२०१: सांगून झालंय, करून झालं नाही.

सेक्रेटरी: साहेब, मेंटेनन्स कोणाचा थकलाय तेही इथेच बोलू का?

बी-१०५: विषय सायकलचा आहे. ताई, फ्रेम नंबर आहे का? सायकल उलटी केली की पेडलच्या दांड्याखाली ठोकलेला दिसतो. तक्रार देताना लागेल.

बी-३०४: सेकंडहँड घेतलेली, बिल नाही. नंबर कधी बघितलाच नाही. फोटो आहे, डाव्या मुठीला निळी चिकटपट्टी.

सी-२०१: केबल लॉक लावायचंच कशाला? कटरपुढे टिकतं का ते?

बी-३०४: काका, पैसे वाचवायलाच सायकल चालवते.

बी-१०५: सायकल स्वस्तातली चालेल, कुलूप स्वस्तातलं नको. छोटं यू-लॉक (यू आकाराच्या जाड दांड्याचं कुलूप) घ्या. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून, मागच्या चाकासकट, खांबाला. कुलपाच्या आत मोकळी जागा कमी राहिली की पहार घालता येत नाही. केबल फक्त पुढच्या चाकाला. आणि खांब आधी हलवून बघा, वरून सायकल उचलून काढता येईल असा नको.

ए-१०२: म्हणून म्हणते, कड्या.

बी-४०२: सीटही काढून न्या 😄

ए-१०२: पोरीची सायकल गेलीय, दात काय काढतोस?

बी-४०२: सॉरी काकू. खरंच सांगतोय, मी रोज वर नेतो. क्विक रिलीज आहे, पान्याशिवाय हातानं निघते. एकदा सीट चोरीला गेली, घरापर्यंत उभ्यानं पेडल मारत आलो.

सी-२०१: मुळात स्टँडवर तीन गंजलेल्या सायकली अडून बसल्यात. चालत्या सायकली जिन्याखाली का लागतात, ते विचारा.

डी-३०२: त्या आमच्या मुलाच्या आहेत. ग्रुपवर टाकण्याआधी एक फोन केला असतात तर बरं झालं असतं.

सी-२०१: दोनदा केला. उचलला नाहीत.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको.

बी-१०५: लाल सायकल मी पाहिलीय. फ्रेम धड आहे. ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलावे लागतील, चेन घासून तेल दिलं की चालेल. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं, तेवढीच भरा. कमी हवेत पंक्चर लवकर होतं.

डी-३०२: बी-३०४, तुझी सापडेपर्यंत लाल ने. पण परत हवी. बाकी दोन रविवारी वर नेतो.

बी-३०४: थँक्यू काका. आधी खालच्या नंबरवरची धूळ पुसून त्याचा फोटो काढते आणि तुम्हालाही पाठवते.

ए-१०२: आणि कड्या?