गळ्यात गाठ आहे, डॉक्टर 'काही नाही' म्हणून परत पाठवतात. मदत हवी आहे

अबोली
दोन महिन्यांपूर्वी आरशासमोर पाणी पिताना गळ्याच्या उजव्या बाजूला काहीतरी सरकताना दिसलं. घोट घेतला की वर जातं, गिळून झालं की खाली येतं. बोटाला गोटीएवढं लागतं. सोनोग्राफी झाली, थायरॉइडची गाठ निघाली. फॅमिली डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल, काही नाही, वर्षाने या." दुसऱ्या डॉक्टरांनी तर सोनोग्राफीचा कागद पाकिटातून बाहेरही काढला नाही. "बायकांमध्ये असतं हे, डोक्यात घेऊ नका." डोक्यात कशी नको घेऊ? झोपायला आडवी झाले की हात तिथेच जातो. वर्षभर थांबायचं का? बायॉप्सी मागितली तर चालते का? कृपया लवकर सांगा.

निळाई
गाठ किती सेंटीमीटरची? टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) किती? रिपोर्टच्या शेवटी टायरॅड्स, म्हणजे सोनोग्राफीवरून गाठीच्या धोक्याची १ ते ५ श्रेणी, लिहिलंय का? वय? घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर, किंवा लहानपणी मानेला रेडिएशन? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

भटक्या
थायरॉइड घाबरण्यासारखं नाही हो. माझ्या बायकोला आठ वर्षं आहे. सकाळी रिकाम्या पोटी गोळी, नंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही. वजनही आटोक्यात आलं, केस गळायचे थांबले. तुम्हीही गोळी सुरू करा, गाठ विरघळून जाईल.

अबोली
भटक्या, वजनाचं आणि केसांचं मी विचारलंच नाही. टीएसएच २.१ आहे, नॉर्मल. म्हणूनच तर कोणी ऐकून घेत नाहीये!

निळाई
भटक्या, तुमच्या बायकोचा आजार वेगळा. तिथे ग्रंथी कमी काम करते. टीएसएच नॉर्मल असताना गाठ आटावी म्हणून ती गोळी आता सहसा देत नाहीत. जास्तीच्या डोसाने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.
अबोलीताई, टीएसएच ग्रंथी किती काम करते ते सांगतो, गाठ कसली आहे ते सांगत नाही. बहुतेक गाठींमध्ये तो नॉर्मलच असतो, कॅन्सरच्या गाठींमध्येसुद्धा. तो कमी आला असता तर आधी थायरॉइड स्कॅन करायला सांगितलं असतं. साइज सांगा.

उंबरठा
कशाला एवढा खल? काढून टाका. मी अर्धी ग्रंथी काढली, तीन वर्षं झाली, मस्त आहे. गाठ साधी निघाली, पण डोक्याचा ताप गेला.

साधना_क
उंबरठा, साधी गाठ होती तर ऑपरेशन लागतच नव्हतं ना? आवाजाची नस ग्रंथीला लागूनच असते, ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागू शकतो. माझ्या नणंदेची पूर्ण ग्रंथी काढली, आज कॅल्शियमच्या गोळ्यांवर आहे. दक्षिण कोरियात सोनोग्राफीची लाट आली तेव्हा २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३च्या १५ पट झालं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. शोधलं की सापडतंच.

उंबरठा
म्हणजे शोधायचंच नाही? माझी गाठ ४ सेंटीमीटरची होती, उताणं झोपलं की श्वास अडायचा. तुम्हाला काय माहीत.

साधना_क
श्वास अडत होता हे आधी लिहायचं होतं. मग ऑपरेशन बरोबरच होतं.

वाटसरू
आयोडीनचे थेंब घ्या, मी घेतो.

निळाई
वाटसरू, कृपया असं सुचवू नका. गाठ असलेल्या ग्रंथीला जादा आयोडीन मिळालं तर ती बेफाम काम करू लागू शकते. आणि अबोलीताई, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर सांगा, त्याने टीएसएचची तपासणी चुकते.

अबोली
बायोटिन नाही. वय ३९, घरात कोणाला नाही. रिपोर्ट शोधून काढला: उजव्या लोबमध्ये १.८ × १.४ × १.२ सेमी, सॉलिड, हायपोएकोइक, कडा स्मूथ, कॅल्सिफिकेशन नाही, टायरॅड्स ४. हे वाईट आहे का? 'सॉलिड' वाचून हात थरथरतायत.

निळाई
शांत व्हा. सॉलिड म्हणजे आत पाणी नसलेली, भरीव; हायपोएकोइक म्हणजे सोनोग्राफीत गडद दिसणारी. दहातल्या नऊ गाठी साध्याच असतात, आणि खडबडीत कडा, बारीक कॅल्सिफिकेशन ही जास्त भीतीची लक्षणं तुमच्यात नाहीत. पण वर्षभर थांबायचं कारणही नाही. टायरॅड्स ४ असेल आणि गाठ १.५ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणी, करावी, असं त्याच पद्धतीत लिहिलंय. तुमची १.८ आहे. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा आणि सरळ विचारा, "टायरॅड्स ४, १.८ सेंटीमीटर. सुई का नको, ते सांगाल का?" राग यायचं कारण नाही, तुमचा प्रश्न रास्त आहे.

रातराणी
माझी एफएनएसी झाली आहे, म्हणून सांगते. मानेखाली उशी देऊन डोकं मागे झुकवतात, सोनोग्राफीत बघत बारीक सुई दोन-तीनदा आत घालतात. तेवढा वेळ गिळायचं नाही, बोलायचं नाही, तेच अवघड जातं. दुखण्यापेक्षा दाब जाणवतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुईच्या रिपोर्टवर बेथेस्डा नावाची श्रेणी असते, माझा पहिला रिपोर्ट बेथेस्डा १ आला. मी रडले, आणि त्याचा अर्थ निघाला नमुन्यात पेशीच पुरेशा नाहीत! पुन्हा सुई, तेव्हा बेथेस्डा २, म्हणजे साधी गाठ. १ ते ६ हा आकडा कॅन्सरची स्टेज नाही, हे मला कोणी सांगितलं असतं तर ते चार दिवस वाचले असते.

अबोली
रातराणी, खूप आभार. एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. गुरुवारची वेळ मिळाली आहे. आवाजाचंही त्यांनाच विचारू का?

निळाई
आवाजाचं काय?

अबोली
दीड महिना बसलेला आहे. मी शिकवते, म्हणून वाटलं वर्गामुळेच.

निळाई
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! वर्गामुळेही असेल, पण गाठ आणि दीड महिना बसलेला आवाज एकत्र असताना स्वरयंत्राची हालचाल बघायलाच हवी. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून पाच मिनिटांत बघतात. गुरुवारी आवाजाचं सगळ्यात आधी सांगा, आणि तुम्ही सांगितलेलं केसपेपरवर लिहून घ्यायला लावा.

साधना_क
सोनोग्राफीची फिल्मही न्या, नुसता कागद नको. आणि पाकिटातून काढून त्यांच्या हातात द्या.