सरकारी ऑफिस, बँक, दवाखाना : पायऱ्यांचे अनुभव लिहा

परवा मामेबहिणीच्या फ्लॅटच्या रजिस्ट्रेशनला गेले होते. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. जिन्यात एक काका कठड्याला धरून दम खात उभे, कुबड्या मुलाच्या हातात. एकदम बाबा आठवले.

बाबांना लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्या. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जायचं. दारात उंच पायऱ्या, कठडा नाही. आधी उजवा पाय वर, मग कुबड्या टेकून कॅलिपरचा पाय ओढून घ्यायचा. तेवढ्यात कोणीतरी न विचारता काखेत हात घालून उचलायला यायचं आणि तोल जायचा. "धरू नका हो, नुसते शेजारी उभे राहा," हे बाबांचं ठरलेलं वाक्य.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, तरी पायऱ्या तशाच. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? लिहा.

मंजिरी_क
त्या काकांना वर चढायची सक्तीच नाही!! नोंदणी कायदा 1908, कलम 38. शारीरिक कारणाने येता येत नसेल तर अधिकाऱ्याने घरी यायचं किंवा माणूस नेमून पाठवायचा. आजीच्या बक्षीसपत्राला आम्ही अर्ज केला, फी भरली, साहेब घरी येऊन अंगठा घेऊन गेले. काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही, याचाच राग येतो.

सह्याद्रीचा_वारा
+१. 2023 ला मुंबईत व्हीलचेअरवरच्या नवरीला लग्नाच्या नोंदणीसाठी दोन मजले उचलून नेलं होतं, पेपरात आलेलं. स्वतःच्या लग्नात!

गवंडीकाका
मी साईटवर असतो. रॅम्पचा हिशोब सोपा, एक फूट चढाला बारा फूट लांबी. आमच्या तालुक्याच्या ऑफिसात फूटभर चढाला जेमतेम चार फुटांचा उतार ओतलाय, वर गुळगुळीत फरशी. खुर्ची मागे उलटते. तो रॅम्प फोटोपुरता आहे.

निनाद_पुणे
मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लिहितोय, चुका समजून घ्या. पायऱ्या मला अडत नाहीत. अडते ती न बोलणारी लिफ्ट, टच बटणांची. कितवा मजला आला कसं कळणार? पिवळ्या फरशीवर लांब रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. आमच्या रस्त्यावर रेघांवरून चालत गेलं की सरळ विजेच्या डीपीच्या खांबावर.

मंजिरी_क
बापरे निनाद :( लागलं का?

निनाद_पुणे
कपाळाला. आता ठीक. पण मुंबईत लोकलच्या दिव्यांग डब्यापाशी फलाटावर बीप वाजतो ना, त्याचा फार आधार वाटतो. असं सगळीकडे का नाही करत?

चिऊची_आई
लेक कर्णबधिर. दवाखान्यात नंबर ओरडून पुकारतात, ती एकटी गेली की नंबर हुकतो. आकड्यांचा बोर्ड आहे पण बंद. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

अ‍ॅड_रेवती
नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला दिव्यांगांना सगळीकडे सहज वावरता यावं यासाठी तीन महिन्यांत बंधनकारक निकष करायला सांगितले. तोपर्यंतचे नियम नुसते शिफारशीसारखे होते, म्हणून कोणी मनावर घेत नव्हतं. लेखी तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करा. सोबत फोटो जोडा, पायऱ्यांची उंची टेपने मोजून लिहा.

गवंडीकाका
टेप माझ्याकडे कायम असतो. मोजून टाकतो सोमवारी.

कोल्हापूरकर७
संडासाचं कोण बोलणार? दिव्यांगांसाठी म्हणून बांधलेला, त्याला कुलूप, आत फायली आणि झाडू. चावी शिपायाकडे, तो जेवायला गेलेला. वडील सकाळपासून पाणी पीत नाहीत, त्या ऑफिसात जायचं म्हटलं की.

धागाकर्ती
कोल्हापूरकर, बाबाही तसंच करायचे. वाचून गलबलून आलं.

चिऊची_आई
आले परत. पावसात कुबडीचं रबर फार घसरतं का? सासूबाईंना आत्ताच डॉक्टरांनी कुबडी दिलीय, घरात गुळगुळीत टाईल्स.

धागाकर्ती
हो, रबर झिजून सपाट झालं की घसरतंच. सर्जिकल दुकानात मिळतं, जुनं रबर मापाला घेऊन जा. खाली गोल रेघा असलेलं मागा. आणि बाथरूमच्या दारातलं पायपुसणं आधी काढून टाका.

चिऊची_आई
काढलं. रबर उद्याच आणते.