खासगी विमानांचं टर्मिनल : काच, हँगर, हॉल – सल्ला हवा

नवखा_वास्तू
खासगी जेटसाठी टर्मिनलचं ड्रॉइंग करतोय, पहिलंच काम. ९०० चौ. मी., एकच मजला, बजेट वाढणार नाही. त्यातच लॉबी, वैमानिकांची खोली, कस्टम्स आणि क्लायंटला भाड्याने द्यायला हॉल. एप्रन (विमानं उभी करायची मोकळी जागा) पश्चिमेला. लॉबीची अख्खी भिंत काचेची करू का? हँगर (विमान ठेवायची शेड) इमारतीला चिकटवू का?

जेटवेडा
दोन मजली करा! आमच्याकडे विमान थेट छताखाली येतं. पाहुण्यांच्या बुटाला थेंब लागत नाही.

नवखा_वास्तू
एकच मजला लिहिलंय हो.

रेघोट्या
छताखाली विमान? गल्फस्ट्रीम जी६५०ची शेपटी ७.८ मीटर उंच, ग्लोबल ७५००ची ८च्या वर. पंख टोकापासून टोकापर्यंत ३० मीटरच्या वर, म्हणजे मध्ये खांब चालणार नाही. पोलादातच पैसे संपतील.

ग्रीसवाला
पश्चिमेला काच आम्ही केली. चारनंतर लॉबीत कोणी बसेना. शेवटी जाड पडदे लावले, आता विमानच दिसत नाही. त्याहून मोठा घोळ म्हणजे एसीची ताजी हवा घेणारी जाळी एप्रनकडे होती. एपीयू (उभ्या विमानाला वीज देणारं छोटं इंजिन) सुरू झालं की सोफ्याला केरोसीनचा वास. फिल्टर बदलून दमलो, मग जाळी रस्त्याच्या बाजूला नेली.

काचमहाल
जाळीला +१. काच कराच, फक्त स्वस्तातली घेऊ नका.

निवृत्त_तपासनीस
हँगर वेगळा ठेवा. चिकटवलात तर आग अडवणारी मधली भिंत, दारं, आग विझवायचा फोम यांची कटकट लॉबीच्या मागे लागते. आणि एप्रनचा उतार इमारतीपासून बाहेर. सांडलेलं इंधन दाराशी यायला नको. एनएफपीए ४१५ (अमेरिकेतलं अग्निसुरक्षेचं मानक) इमारतीपासूनच्या पहिल्या १५ मीटरना किमान १ टक्का सांगतं.

रेघोट्या
आयकाओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) म्हणतं विमान उभं राहतं तिथे १ टक्क्याहून जास्त नको. मग नेमका १ द्यायचा का?

निवृत्त_तपासनीस
त्या १५ मीटरांत विमान उभंच करू नका. वाद मिटला.

जेटवेडा
आमच्याकडे उतार दिसतसुद्धा नाही.

उजवी_सीट
वैमानिकांचं कोणी विचारत नाही. एका ठिकाणी आमची झोपायची खोली हॉलच्या भिंतीला लागून. पहाटेचं उड्डाण, आणि पलीकडे रात्री ११ वाजता "हॅलो, माइक टेस्टिंग." खोली लहान चालेल, काळोखी आणि शांत हवी. हॉल शक्यतो वगळाच. नाहीतर पाहुणे एप्रनचं दार शोधत फिरतात.

काचमहाल
हॉल वगळा, सहमत. जाळी रस्त्याच्या बाजूला घ्या.

ग्रीसवाला
ते मीच लिहिलंय वर.

नवखा_वास्तू
सर्वांचे आभार. हँगर वेगळा, जाळी रस्त्याकडे, झोपायची खोली दुसऱ्या टोकाला. हॉल मात्र राहतोय, दार रस्त्याकडूनच, आतून लॉबीत वाट नाही. काचही राहतेय, क्लायंटचा जीव अडकलाय. वर ४ मीटरचा छज्जा देतो.

रेघोट्या
पश्चिमेचं ऊन आडवं येतं, छज्ज्याला जुमानत नाही. उभी पाती लावा.

नवखा_वास्तू
पात्यांमुळे विमान दिसत नाही म्हणे. छज्जाच.

ग्रीसवाला
मग पडद्यांचं माप आत्ताच घेऊन ठेवा.