मदत हवी आहे: केलेम्वोरचा क्लेरिक आणि सांगाडे पाळणारा विझार्ड

डिस्कॉर्डवर पोस्ट लिहून चाललेला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका-खेळ, २०१४ चे नियम. माझं पात्र ग्रेव्ह डोमेनचा क्लेरिक, म्हणजे देवाचा पुजारी, लेव्हल ५. केलेम्वोर मृतांचा देव, त्याच्या भक्ताला उठवलेली प्रेतं खपत नाहीत. 'ॲनिमेट डेड' हा प्रेतं उठवायचा मंत्र स्वतः तयार करायचा नाही, एवढं सोपं आहे. पंचाईत पार्टीतल्या विझार्डची, म्हणजे जादूगाराची. तो दर २४ तासांच्या आत तोच मंत्र पुन्हा टाकून सांगाड्यांवर ताबा ठेवतो. 'टर्न अनडेड' या उठलेल्या प्रेतांना पळवणाऱ्या माझ्या शक्तीत ३० फुटांतले आपले-परके निवडता येत नाहीत. त्यात या लेव्हलला सेव्ह (बचावाचा फासा) चुकलेला पाव चॅलेंज रेटिंगचा (ताकदीचं माप) सांगाडा थेट नष्ट होतो. वापरला तर पार्टीत भांडण, नाही वापरला तर भक्ती नावापुरती!

पात्राच्या तोंडून कोणती अट घालावी, म्हणजे विझार्डचा खेळही बिघडणार नाही? मोहीम संपल्यावर सांगाडे पुरायचे, असं वचन पुरेल का? आणि अंत्यविधीची पोस्ट किती ओळींची असावी, की बाकीचे ताटकळणार नाहीत?