खिशातलं यंत्र, जागच्या जागी निदान? नाही पटत

तिरकस: 'प्रयोगशाळा आता विसरा' या पोस्टला चार ओळींत उत्तर देणार होतो, पण लांबलं. तिथलं म्हणणं थोडक्यात असं: ग्लुकोमीटर, पट्टीवर बोटं टेकवून घ्यायचा ईसीजी आणि फुंकून फुफ्फुसं तपासायचा हातातला स्पायरोमीटर प्राथमिक डॉक्टरच्या टेबलावर आले की जुनाट आजार तिथल्या तिथे पकडले जाणार, पुढे कुणाला पाठवायलाच नको.

पकडणार काय, कप्पाळ? आकडा! ग्लुकोमीटरच्या २०१३ च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकातच साखर १०० च्या वर असेल तर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. उपाशीपोटी १२६ ही मधुमेहाची रेषा. म्हणजे खरी साखर ११५ असताना यंत्राने १३० दाखवली तरी ते पास. निदान झालेल्याने घरी रोज बघायला उत्तम, पण त्यावर शिक्का मारायचा नसतो. स्पायरोमीटरचं तर बोलूच नका. समोरच्याने जीव काढून, छाती रिकामी होईपर्यंत फुंकलं नाही तर आकडा रद्दी. सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) म्हणायचं तर इनहेलर देऊन, थांबून, पुन्हा फुंकवायचं आणि पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण हवा हे गुणोत्तर ०.७ च्या खाली आहे का बघायचं. बाहेर रांग लागलेली असताना हे कोण करतं?

घाईतली नर्स: ओपीडीत बसलायत कधी? 'उद्या उपाशीपोटी या' म्हटलं की बरेच जण परत फिरकतच नाहीत. टेबलावरच्या मशीनवर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, काही मिनिटांत येतं, उपाशी राहावं लागत नाही. ६.५ च्या वर गेलं तर माणूस समोर असतानाच बोलता येतं. न केलेल्या तपासणीची अचूकता घेऊन काय करू?

तिरकस: आणि रक्तात लोह कमी असेल तर? एचबीए१सी उगाच चढतं. सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर उतरतं. ते कोण विचारणार?

घाईतली नर्स: मी विचारते! फळ सोललेल्या हाताने आलेल्याला आधी साबणाने हात धुवायलाही पाठवते, कारण नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने बोटावरची साखर जात नाही. यंत्र आलं म्हणजे आमची अक्कल गहाण पडली असं कुणी सांगितलं?

बेताल ठोका: माझ्या वडिलांना काहीही त्रास नव्हता. सर्दीसाठी गेले होते. डॉक्टरांनी सहज त्या ईसीजीच्या पट्टीवर बोटं ठेवायला लावली, ठोके बेताल निघाले. मग रीतसर बारा लीडचा ईसीजी, एएफ (हृदयाचे बेताल ठोके, ज्यामुळे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो) पक्कं, रक्त पातळ करायची गोळी सुरू. नाहीतर पक्षाघातच होता. त्यामुळे 'नुसता आकडा' मला ऐकवू नका.

तिरकस: वडील बरे आहेत, आनंद आहे. पण 'पक्षाघातच होता' हे कशावरून? २०२१ च्या 'लूप' नावाच्या संशोधनात लोकांच्या त्वचेखाली ठोके नोंदवणारं यंत्र बसवून एएफ तिपटीने जास्त सापडलं, पक्षाघात मात्र म्हणण्यासारखे कमी झाले नाहीत.

बेताल ठोका: त्याच वर्षीचं स्वीडनचं 'स्ट्रोकस्टॉप' संशोधन सोयीस्कर विसरलात. पंचाहत्तरीच्या लोकांना हातातलाच ईसीजी, दोन आठवडे. तिथे फायदा झाला.

तिरकस: झाला. चिमूटभर.

पट्टेवाला: ईसीजीवर भांडताय, पण बीपीच्या मशीनचा पट्टा कोण बघतं? २०२३ च्या एका चाचणीत सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला, तर वरचं बीपी सरासरी जवळपास २० ने जास्त आलं. माझ्या बहिणीला अशाच आकड्यावर गोळ्या लागल्या. उठली की डोळ्यांपुढे अंधारी. दुसरीकडे मोठा पट्टा लावला तर बीपी व्यवस्थित!

घाईतली नर्स: अगदी! मोठा पट्टा मागून मागून थकले. मशीन नवीन येतं, सोबत पट्टा तोच एक.

मनगटी: म्हणूनच मी मनगटावरचं घेतलंय. पट्ट्याची कटकट नाही.

पट्टेवाला: मनगट हृदयाच्या पातळीला धरता?

मनगटी: सोफ्यावर टेकून, हात मांडीवर. आरामात.

पट्टेवाला: मग आकडा फुगणारच. पायावर पाय आणि फोनवर गप्पाही असतीलच.

मनगटी: माझ्या घरात डोकवायचं काम नाही. माझ्या डॉक्टरांना चालतं.

पट्टेवाला: त्यांना सोफ्याचं सांगितलंय का?

मनगटी: तुमच्यासारख्यांमुळेच लोक लिहायचं सोडतात.

तिरकस: अहो, विषय जुनाट आजारांच्या निदानाचा आहे.

पट्टेवाला: उच्च रक्तदाब तात्पुरता असतो वाटतं?

तिरकस: बरं बाबा. चाळणी म्हणून यंत्रं मान्य. निदान म्हणून नाही, आणि त्या पोस्टमध्ये निदानच लिहिलंय.

घाईतली नर्स: उपकार झाले. मीही चाळणीचंच म्हणत होते. पण चाळणीत अडकलेल्याने पक्क्या तपासणीला कुठे जायचं? त्या पोस्टवाल्याने तो रस्ताच बंद केलाय, आणि तुमच्या एवढ्या लांबलचक उत्तरातही त्याचा पत्ता नाही.

बेताल ठोका: +१

मनगटी: दंडावरच्या मशीनला मोठा पट्टा वेगळा मिळतो का? बहिणीसाठी कोणता घेतलात?