मदत हवी आहे: बुद्धिबळात जिंकत आलेला डाव शेवटपर्यंत न्यायला कसं शिकवायचं?

राम राम मंडळी, जळगावहून लिहितोय. पुतणी ओपनिंग (डावाची सुरुवात) छान खेळते, टॅक्टिक्सही (मोहरी जिंकायच्या युक्त्या) दिसतात, पण एखादं प्यादं जास्त असलं की हात आखडतो अन् डाव ड्रॉ होतो. परवा भुसावळला हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती, प्यादं सातव्या पट्टीवर, तिचा राजा त्याच्यापुढे आठव्यावर, समोरचा राजा हत्तीने लांब अडवलेला, म्हणजे सरळ लुसेना (हत्ती-प्याद्याची ठरलेली जिंकायची पोझिशन)! हत्ती चौथ्या पट्टीवर आणला की शह अडवता येतात, पण पोरगी शह चुकवत राहिली अन् तीच पोझिशन तिसऱ्यांदा आली, म्हणून डाव ड्रॉ. लई वाईट वाटलं भो.

पुढे असलं की मोहऱ्यांची मारामारी करायची, प्यादी राखायची हे तिला तोंडपाठ आहे. आता एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) पाठ करून घेऊ, की तिच्याच जिंकत आलेल्या पोझिशन्स कॉम्प्युटरविरुद्ध पुन्हा पुन्हा खेळायला लावू? कोणी पोरांना शिकवलं असेल तर सांगा ना.