एडीएचडीची गोळी खेळणाऱ्या मुलांच्या सांध्यांवर उठते का?

कासची वाट (सातारा)
माझा मुलगा चौदा वर्षांचा. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, अति चंचलपणा असतो. जूनपासून त्यावरचं मिथाइलफेनिडेट हे औषध चालू आहे, सकाळी साडेसातला एक साधी गोळी. अभ्यासात फरक पडला हे मी नाकारत नाही, वह्या पूर्ण असतात, बाईंच्या तक्रारी थांबल्या. पण तो कबड्डी खेळतो, डावा कोपरा सांभाळतो. ऑगस्टमध्ये घोटा मुरगळला, डिसेंबरमध्ये उजवा गुडघा. आधी चार वर्षं खेळला, खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. या गोळीने थकवा आणि दुखणं दबतं आणि पोरं सांधा जाईपर्यंत खेळत राहतात, असं माझं मत झालंय. १९६७ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत सायकलपटू टॉम सिम्प्सन डोंगराच्या चढावर कोसळून गेला, अंगात ॲम्फेटामिन हे उत्तेजक सापडलं. आपली गोळी त्याच जातीची. खेळणाऱ्या मुलांना ती देऊच नये. पटत नसेल तर कारण सांगा.

दोन लेकरांची आई (कऱ्हाड)
ताई, काळजी कळते, पण मला अजिबात पटत नाही. सिम्प्सनच्या अंगात दारूही होती, ऊन भाजून काढणारं होतं, आणि त्याने ते औषध आजारासाठी घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या डोसची त्याच्याशी तुलना कशी करायची? डेन्मार्कमध्ये २०१५ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्या ज्या मुलांना औषध चालू होतं, त्यांच्यात बाराव्या वर्षापर्यंत दुखापतींचं प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांनी घटलं होतं. माझा थोरला गोळीआधी गच्चीच्या कठड्यावरून चालायचा. तेव्हा मी रात्र रात्र झोपले नाही. आणि एक विचारते, तुमच्या मुलाला दोन्ही वेळा किती वाजता लागलं?

मातीचं मैदान (सांगली)
मी बावीस वर्षं पोरं घडवतोय. डेन्मार्कचे आकडे पडण्या-झडण्याचे, अपघाताचे. पकड करताना गुडघा पिळवटणं वेगळं. त्यात मला दिसतं ते गोळीचं दुसरं टोक, भूक. माझ्याकडच्या एका पोराचा डबा दुपारी तसाच भरलेला परत जायचा. संध्याकाळी सहाला उपाशी पोटी दीड तास सराव. मांड्यांत ताकद नसली की सगळा भार गुडघ्यावर येतो, हे मला कुणी शिकवायला नको. मी कासताईंच्या बाजूने आहे, फक्त कारण माझं वेगळं आहे.

हाडांची वाट (मिरज, फिजिओथेरपिस्ट)
सर, भुकेचा मुद्दा शंभर टक्के खरा. या औषधाने भूक मरते. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षं औषध घेणाऱ्या मुलांची उंची न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी दोन सेंटिमीटरने कमी भरली होती. म्हणून सकाळी गोळीआधी भाकरी-अंडं आणि सरावाआधी केळं-शेंगदाणे मी सांगतेच.
पण सांधा सैल असणं गोळीआधीपासूनचं असू शकतं. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडीएचडी, ऑटिझम किंवा टुरेट (अंगाला आपोआप झटके येण्याचा विकार) असलेल्या प्रौढांपैकी ५१ टक्क्यांचे सांधे गरजेपेक्षा जास्त वळणारे निघाले. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण २० टक्के होतं. ताई, घरीच बघा. मुलाचा अंगठा मनगटाकडे ओढून मनगटाच्या वरच्या हाताला, म्हणजे कोपर ते मनगट या भागाला, टेकतो का? सरळ उभं राहिल्यावर गुडघे मागच्या बाजूला वाकतात का? करंगळी नव्वद अंशांपेक्षा मागे जाते का? सांधे किती वळतात ते बघून गुण देणारी नऊ गुणांची बायटन पद्धत आहे, नीट तपासणी आमच्यासारखे लोक करून देतील. तसं निघालं तर गोळी बंद करून उपयोग नाही, मांड्या, नितंब, पोटऱ्या बळकट करायला हव्यात. आणि गोळी मनाने बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांशी बोला.

चढाईपटू (सातारा)
एक वेगळी गोष्ट. मिथाइलफेनिडेट स्पर्धेदरम्यान बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे. पोरगं राष्ट्रीय पातळीवर जाणार असेल तर उपचारासाठी सूट घेण्याचा अर्ज आधी करून ठेवा.

कासची वाट (सातारा)
कऱ्हाडच्या ताई, तुमचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. दोन्ही वेळा संध्याकाळी साडेसहानंतर लागलं. साध्या गोळीचा असर चारेक तास. म्हणजे त्या वेळी ती अंगात नव्हती म्हटलं तरी चालेल. दुखणं दबतं हे माझं म्हणणं तिथं उभं राहत नाही, मान्य करते. पण सरांचं डब्याचं म्हणणं मला सोडवत नाही. आमचाही डबा अर्धा परत येतो, आणि मी ते खेळाशी कधी जोडलंच नव्हतं.

आत्ता जेवताना अंगठा ओढायला सांगितला. सहज हाताला टेकला. धाकटीचाही टेकला, ती तर कबड्डी खेळतही नाही. मिरजच्या ताई, बुधवारी दोघांना घेऊन यायचं म्हणते. पत्ता कळवा, आणि गोळीची चिठ्ठी बरोबर आणू का?